टोनी ब्रुक्स (१९३२–२०२२) : विश्वविजेतेपदापेक्षा स्वतःला दिलेला शब्द मोठा मानणारा शर्यतपटू

ब्रिटिश मोटार शर्यतपटू टोनी ब्रुक्स यांचे ३ मे २०२२ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी निधन झाले. १९५० च्या दशकात जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील ग्रां प्री जिंकणाऱ्या शर्यतपटूंपैकी ते अखेरचे हयात विजेते होते. त्यांच्या जाण्याने फॉर्म्युला वनच्या पहिल्या दशकाचा शेवटचा विजयी साक्षीदार हरपला आहे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला लुईस हॅमिल्टन ठाऊक असतात, स्टर्लिंग मॉस यांचे नावही कानावरून गेलेले असते. ब्रुक्स हे नाव मात्र बहुतेकांना नवे वाटेल. त्यात वाचकाचा दोष नाही. ज्या देशाच्या मोटारींना त्यांनी ग्रां प्रीच्या विजयमंचावर नेले, त्या देशातही ते शर्यतीच्या जाणकारांपलीकडे फारसे परिचित नव्हते. मॉस यांनी मात्र आपल्या या सहकाऱ्याची गणना जगातील सर्वश्रेष्ठ शर्यतपटूंमध्ये केली होती. संघ उभारायचा झाला तर आपण जिम क्लार्क आणि टोनी ब्रुक्स यांना निवडू, असे ते सांगत. मॉस यांच्यासारख्या प्रतिस्पर्ध्याकडून आलेली ही पावती पाहिली, की इतक्या गुणी माणसाची कारकीर्द उपेक्षित का राहिली, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर शोधताना १९५९ च्या डिसेंबरमधील एका दुपारी त्यांनी घेतलेल्या निर्णयापाशी येऊन थांबावे लागते.

दंतवैद्यकाचा विद्यार्थी

चार्ल्स अँथनी स्टँडिश ब्रुक्स यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९३२ रोजी चेशर परगण्यातील डुकिनफील्ड येथे झाला. मँचेस्टरच्या पूर्वेस असलेले हे गाव आज ग्रेटर मँचेस्टरचा भाग आहे. वडील दंतशल्यचिकित्सक होते आणि मुलानेही तीच वाट धरली. मँचेस्टर विद्यापीठात दंतवैद्यकाचे शिक्षण सुरू असतानाच, १९५२ मध्ये, त्यांनी हीली सिल्व्हरस्टोन या मोटारीतून क्लबांच्या छोट्या शर्यतींत भाग घेण्यास सुरुवात केली. पुढे वृत्तपत्रांनी त्यांना ‘शर्यतीतला दंतवैद्य’ हे टोपणनाव दिले आणि ते अखेरपर्यंत त्यांना चिकटून राहिले.

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये कॉनॉट या लहानशा ब्रिटिश कंपनीने सिसिलीतील सिराकुसा ग्रां प्रीसाठी त्यांना पाचारण केले. ही शर्यत जागतिक अजिंक्यपदाच्या गणनेत नव्हती, परंतु समोर मासेरातीचा अधिकृत संघ होता आणि मैदानही इटलीचे होते. ब्रुक्स यांनी तोवर अडीच लिटरची ग्रां प्री मोटार कधी चालवलीच नव्हती. विमानप्रवासात त्यांच्या मांडीवर परीक्षेची पुस्तके होती. कॉनॉटच्या मोटारी वाटेत रखडल्याने सरावाचा वेळ वाया जाऊ लागला, तेव्हा त्यांनी भाड्याने घेतलेल्या स्कूटरवरून मार्गाच्या फेऱ्या मारून वळणे डोक्यात बसवली.

२३ ऑक्टोबर रोजी या विद्यार्थ्याने मासेरातीच्या लुइजी मुसो यांना सुमारे पन्नास सेकंदांनी मागे टाकून शर्यत जिंकली. ब्रिटिश चालकाने ब्रिटिश मोटारीतून युरोपच्या भूमीवर ग्रां प्री जिंकण्याचा असा प्रसंग त्यापूर्वी १९२४ मध्ये घडला होता. त्या वर्षी हेन्री सीग्रेव्ह यांनी सनबीममधून सॅन सेबॅस्टियन येथे विजय मिळवला होता. मधली एकतीस वर्षे ब्रिटनला कोरडी गेली होती. ब्रुक्स मात्र विजयानंतर परतले आणि पुन्हा अभ्यासाला बसले.

दोन अपघात आणि एक निश्चय

या यशामुळे १९५६ साठी बीआरएम संघाची दारे उघडली. सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्रीत त्यांच्या मोटारीच्या प्रवेगकाच्या जोडणीत बिघाड झाला. पिटमध्ये तात्पुरती दुरुस्ती करून त्यांना पुन्हा मार्गावर पाठवण्यात आले. थोड्याच वेळात अ‍ॅबी या वेगवान वळणावर प्रवेगक अडकला. मोटार उलटली, ब्रुक्स बाहेर फेकले गेले आणि मोटार जळून खाक झाली. त्यांचा जबडा मोडला. त्या मोटारीने स्वतःला पेटवून घेतले हे एकच काम तिने योग्य केले, असे ते पुढे गमतीने म्हणत.

पुढच्या वर्षी, जून १९५७ मध्ये, ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ते अ‍ॅस्टन मार्टिन चालवत होते. या खेपेस मोटारीचा गिअर अडकला होता. तो सोडवण्याच्या प्रयत्नात त्यांची नजर क्षणभर मार्गावरून ढळली. टेर्त्र रूज या वळणावर मोटार वाळूच्या बांधावर चढून उलटली आणि ते तिच्याखाली सापडले. मागून आलेल्या पोर्शेची धडक बसून ती त्यांच्या अंगावरून बाजूला झाली, म्हणून ते वाचले.

दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान होती. मोटार सदोष आहे हे ठाऊक असूनही ते ती पूर्ण वेगाने चालवत राहिले होते. ब्रुक्स श्रद्धाळू कॅथलिक होते. आयुष्य ही ईश्वराने दिलेली ठेव आहे आणि ती अकारण पणाला लावणे नीतीला धरून नाही, असे त्यांचे मत बनले. शर्यतीतला धोका त्यांनी नाकारला नाही, कारण धोका नको असता तर ते शर्यतीत उतरलेच नसते. मात्र सदोष असण्याची शंका असलेली मोटार पुन्हा कधीही चालवायची नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला.

हा निश्चय किती वेगळा होता, हे समजण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यावा लागेल. तेव्हा मोटारीत आसनपट्टे नसत. मार्गाच्या कडेला झाडे, खांब, घरे आणि खंदक असत. इंधनाच्या टाक्या चालकाला जवळजवळ खेटून असत. जो चालक मोडक्या मोटारीसह झुंजत राही, त्याची वाहवा होई, आणि जो थांबे, त्याच्या धैर्याविषयी कुजबूज होई.

एनट्रीचा ऐतिहासिक दिवस

ल माँच्या अपघाताला चार आठवडे होत नाहीत, तोच २० जुलै १९५७ रोजी ब्रुक्स लिव्हरपूलजवळील एनट्री येथे व्हॅनवॉल संघाकडून ब्रिटिश ग्रां प्रीत उतरले. हे ठिकाण आज घोड्यांच्या ग्रँड नॅशनल शर्यतीसाठी ओळखले जाते. ब्रुक्स यांच्या जखमा पूर्ण भरलेल्या नव्हत्या आणि सगळे अंतर कापण्याची ताकद अंगात नव्हती. म्हणून संघाने आधीच ठरवले होते, की त्यांनी मोटार चांगल्या स्थानावर टिकवून ठेवायची आणि मॉस यांच्या मोटारीत बिघाड झालाच, तर ती त्यांच्या हवाली करायची. चालक बदलण्यास त्या काळी नियमांची मुभा होती.

घडलेही तसेच. आघाडीवर असलेल्या मॉस यांच्या मोटारीचे इंजिन कुरकुरू लागले. सव्विसाव्या फेरीनंतर ब्रुक्स पिटमध्ये आले, त्यांना मोटारीतून बाहेर येण्यास आधार द्यावा लागला आणि मॉस त्यांच्या जागी बसले. नवव्या स्थानावरून मॉस यांनी एकेक मोटार मागे टाकली. आघाडीवरील जॉं बेरा यांचा क्लच फुटला, त्याच्या तुकड्यांवरून गेल्याने माइक हॉथॉर्न यांचे चाक पंक्चर झाले आणि व्हॅनवॉलने शर्यत जिंकली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील ग्रां प्री ब्रिटिश मोटारीने जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. विजयाचे आठ गुण दोघांत समान वाटले गेले. छायाचित्रांत आणि लोकांच्या स्मरणात मात्र अंतिम रेषा ओलांडणारे मॉस ठळक राहिले.

१९५८ : तीन विजय, तिसरे स्थान

१९५८ हे ब्रुक्स यांच्या कारकिर्दीतील झळाळते वर्ष होते. त्या वर्षी त्यांनी तीन ग्रां प्री जिंकल्या आणि त्या तिन्ही युरोपातील अतिशय अवघड, नामांकित मार्गांवरच्या होत्या.

१५ जून रोजी बेल्जियममधील स्पा येथे त्यांनी ताशी सुमारे २०९ किलोमीटरच्या सरासरी वेगाने विजय मिळवला. तो मार्ग तेव्हा १४ किलोमीटरहून लांब होता आणि गावांतून, शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांचाच बनलेला होता. शर्यत संपताना त्यांच्या मोटारीची गिअरपेटी जवळजवळ निकामी झाली होती. दुसऱ्या आलेल्या हॉथॉर्न यांचे इंजिन अंतिम रेषेच्या तोंडावर फुटले, तर तिसऱ्या क्रमांकावरील स्टुअर्ट लुईस-इव्हान्स यांच्या मोटारीचे सस्पेन्शन शेवटच्या वळणावर मोडले. आणखी एक फेरी असती, तर पहिल्या तिघांपैकी एकही ती पूर्ण करू शकला नसता.

३ ऑगस्ट रोजी जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे व्हॅनवॉलच्या टाक्या भरलेल्या असताना मोटार नीट हाताळता येत नव्हती. ब्रुक्स यांनी घाई केली नाही. इंधन कमी होऊन मोटार हलकी झाली तसा त्यांनी वेग वाढवला आणि पुढे असलेल्या हॉथॉर्न व पीटर कॉलिन्स यांच्या फेरारी गाठून त्यांना मागे टाकले. त्यांचा पाठलाग करताना कॉलिन्स यांची मोटार मार्गाबाहेर गेली आणि त्या अपघातात कॉलिन्स यांचा अंत झाला. ब्रुक्स यांनी साडेतीन मिनिटांच्या फरकाने शर्यत जिंकली, परंतु त्या विजयाचा आनंद साजरा करण्याजोगा नव्हता.

७ सप्टेंबर रोजी इटलीतील मोंझा येथे तेलगळतीच्या शंकेमुळे ते तपासणीसाठी पिटमध्ये थांबले. मोटार ठीक असल्याची खात्री पटल्यावर पुन्हा निघाले, गमावलेला वेळ भरून काढला आणि हॉथॉर्न यांना गाठून तिसरा विजय मिळवला. स्वतःला दिलेला शब्द पाळूनही जिंकता येते, याचा हा दाखला होता.

त्या वर्षीचा गुणतक्ता पाहण्यासारखा आहे. हॉथॉर्न एका विजयासह ४२ गुण मिळवून विश्वविजेते झाले. मॉस यांना चार विजय मिळूनही ४१ गुणांवर समाधान मानावे लागले. ब्रुक्स तीन विजयांच्या २४ गुणांसह तिसरे आले. जिंकलेल्या शर्यतींखेरीज त्यांना एकही गुण मिळाला नव्हता, कारण इतर बहुतेक शर्यतींत मोटारीने साथ सोडली. मॉस आणि ब्रुक्स यांच्या प्रत्येकी तीन विजयांच्या बळावर व्हॅनवॉलने त्याच वर्षी सुरू झालेले उत्पादकांचे अजिंक्यपद पटकावले. कासाब्लांका येथील अखेरच्या शर्यतीत मात्र संघसहकारी लुईस-इव्हान्स गंभीररीत्या भाजले आणि काही दिवसांनी मरण पावले. संघमालक टोनी व्हॅन्डरवेल या आघातानंतर नियमित शर्यतींतून बाजूला झाले.

सेब्रिंग, १२ डिसेंबर १९५९

१९५९ मध्ये ब्रुक्स फेरारीत दाखल झाले. फ्रान्समधील रँस येथे, डांबर वितळवणाऱ्या उन्हात, त्यांनी पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी सोडली नाही. बर्लिनच्या आवुस मार्गावरील जर्मन ग्रां प्रीचे दोन्ही टप्पे त्यांनी जिंकले. मात्र दैव आणि परिस्थिती विरोधात जात राहिली. इटलीतील कामगारांच्या संपामुळे फेरारीचा संघ ब्रिटिश ग्रां प्रीला पोहोचलाच नाही. मोंझा येथे सुरुवातीलाच त्यांच्या मोटारीचा क्लच निकामी झाला.

तरीही अमेरिकेतील सेब्रिंग येथे वर्षातील अखेरची शर्यत सुरू झाली, तेव्हा विजेतेपदाच्या रिंगणात तिघे होते. जॅक ब्रॅबम यांचे ३१ गुण होते, मॉस यांचे साडेपंचवीस आणि ब्रुक्स यांचे २३. विजयाला आठ गुण आणि सर्वांत वेगवान फेरीला एक गुण असे. ब्रुक्स यांनी शर्यत जिंकली असती आणि वेगवान फेरीही नोंदवली असती, तर त्यांचे ३२ गुण झाले असते.

आरंभापूर्वीच वाद झाला. हॅरी शेल यांची एक वेळ ग्राह्य धरली गेल्याने ब्रुक्स पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत ढकलले गेले. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत फेरारीचेच वुल्फगांग फॉन ट्रिप्स यांची मोटार मागून ब्रुक्स यांच्या मोटारीवर आदळली.

मोटार चालत होती. नुकसान झाले होते की नव्हते, हे आसनावर बसून कळण्यास मार्ग नव्हता. पुढे विश्वविजेतेपद होते आणि पुढे जात राहावे असाच मनाचा कल होता, हे ब्रुक्स यांनी नंतर स्वतः मान्य केले. पण सिल्व्हरस्टोन आणि ल माँनंतर स्वतःला दिलेला शब्द आठवून ते पिटमध्ये वळले. तंत्रज्ञांनी मोटार तपासली आणि काहीही गंभीर बिघडलेले नव्हते. या थांब्यात सुमारे दोन मिनिटे गेली.

पुढे मॉस यांची गिअरपेटी निकामी होऊन ते बाद झाले. शेवटच्या फेरीत ब्रॅबम यांचे इंधन संपले आणि त्यांनी मोटार ढकलत अंतिम रेषेपार नेली. ते चौथे आले. बावीस वर्षांचे ब्रुस मॅकलॅरन विजयी झाले. ब्रुक्स मॅकलॅरन यांच्यामागे सुमारे तीन मिनिटांनी तिसरे आले आणि वर्षाअखेरीस २७ गुणांसह दुसऱ्या स्थानी राहिले. थांबले नसते तर ते जिंकलेच असते, असे कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. परंतु हातातोंडाशी आलेला घास त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवला, हे निर्विवाद आहे.

या निर्णयावर पुढे अनेकांनी शेरे मारले. विश्वविजेता होण्यासाठी लागणारी निष्ठुरता त्यांच्यात नव्हती, असा त्यांचा सूर होता. ‘शिर सलामत तो पगडी पचास’ हे घरबसल्या बोलणे सोपे आहे. पगडी समोर ठेवलेली असताना आणि धोका केवळ संभाव्य असताना तसे वागणे फार अवघड असते. बिघाड सापडला असता, तर त्याच थांब्याला सर्वांनी शहाणपण म्हटले असते. सापडला नाही, म्हणून ती दुर्बलता ठरली. ब्रुक्स यांनी मात्र निर्णयाचे मोल नंतर कळलेल्या गोष्टीवरून ठरवले नाही. त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवर आपण योग्य तेच केले, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत बदलली नाही.

निवृत्ती आणि विस्मरण

१९६० मध्ये ते खासगी संघाच्या कूपरमधून उतरले. त्या वर्षी स्पा येथे त्यांचे तरुण संघसहकारी ख्रिस ब्रिस्टो आणि लोटसचे अ‍ॅलन स्टेसी एकाच शर्यतीत मरण पावले. १९६१ मध्ये ते बीआरएममध्ये परतले. सप्टेंबरमध्ये मोंझा येथे फॉन ट्रिप्स आणि अनेक प्रेक्षकांचा अपघाती मृत्यू झाला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे ब्रुक्स तिसरे आले आणि त्यानंतर त्यांनी शर्यतींना कायमचा निरोप दिला. तेव्हा ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते. सरे परगण्यातील वेब्रिज येथे, जुन्या ब्रुकलँड्स मार्गाच्या परिसरात, त्यांनी मोटारींचा व्यवसाय उभारला आणि कुटुंबासह शांत आयुष्य जगले. ‘पोएट्री इन मोशन’ हे आत्मचरित्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा शर्यत सोडून त्यांना अर्धशतक लोटले होते.

कारकीर्द दृष्टिक्षेपात

जागतिक अजिंक्यपद शर्यतींतील सहभाग : ३८
विजय : ६ (ब्रिटन १९५७ – मॉस यांच्यासह, बेल्जियम, जर्मनी, इटली १९५८, फ्रान्स, जर्मनी १९५९)
पहिल्या तिघांत : १० वेळा
आरंभी अग्रस्थान : ३ वेळा
सर्वांत वेगवान फेरी : ३ वेळा
अजिंक्यपदातील सर्वोत्तम स्थान : दुसरे (१९५९)
सहनशक्तीच्या शर्यतींतील प्रमुख विजय : नुर्बुर्गरिंग १००० किलोमीटर (१९५७, नोएल कनिंगहॅम-रीड यांच्यासह) आणि टुरिस्ट ट्रॉफी, गुडवुड (१९५८, मॉस यांच्यासह), दोन्ही अ‍ॅस्टन मार्टिनमधून

साधारण सहा शर्यतींमागे एक विजय, हे प्रमाण अनेक विश्वविजेत्यांनाही साधलेले नाही. तरीही ब्रुक्स मागे पडले, त्याची कारणे उघड आहेत. त्यांची कारकीर्द लहान होती, स्वभाव अबोल होता आणि त्यांची बहुतेक वर्षे मॉस यांच्या सावलीत गेली. विश्वविजेते न झालेल्यांतील सर्वश्रेष्ठ कोण, असे विचारले की जगाने मॉस यांचे नाव घेतले. त्यामुळे अजिंक्यपद हुकलेल्यांच्या यादीतही ब्रुक्स यांच्या वाट्याला दुसरे स्थान आले.

खेळाचा इतिहास करंडकांच्या मोजदादीने लिहिला जातो आणि त्या मोजदादीत सेब्रिंगच्या दोन मिनिटांची नोंद केवळ गमावलेला वेळ अशीच होते. कॉलिन्स, लुईस-इव्हान्स, बेरा, ब्रिस्टो, फॉन ट्रिप्स हे सगळे ब्रुक्स यांचे समकालीन, आणि त्यांपैकी प्रत्येकाचा मृत्यू शर्यतीच्या मोटारीतील अपघातामुळे झाला. ब्रुक्स यांना नव्वद वर्षांचे आयुष्य लाभले. त्यात दैवाचाही वाटा होता, हे ते स्वतः विसरले नसावेत, कारण निश्चय करण्याआधीच्या दोन अपघातांतून त्यांना दैवानेच तारले होते. पुढचा भार मात्र त्यांनी दैवावर टाकला नाही. मोटारीविषयी शंका आली तेव्हा ते थांबले, मोंझाला जिंकले, सेब्रिंगला हरले, आणि दोन्ही थांबे त्यांनी सारखेच योग्य मानले.